शेजारच्या रोगापायी आपलं झाड

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मांगीतुंगीच्या डोंगरात भगवान ऋषभदेवांची १०८ फूट उंच मूर्ती उभी आहे. अखंड कातळात कोरलेल्या या मूर्तीची प्रतिष्ठापना २०१६ साली झाली आणि तिला नाव मिळालं ते अहिंसेचं. डोंगर उतरून सटाणा, देवळा, मालेगावच्या दिशेने निघालं की डाळिंबाचा मुलूख लागतो. मूर्ती पूर्ण होण्याच्या आधीची काही वर्षं याच मुलखात बागा मुळासकट उपटल्या जात होत्या. कुठे जेसीबी लावून, कुठे चार मजूर धरून. उपटलेली झाडं तशीच टाकून चालत नव्हतं, म्हणून ती बांधाला रचून पेटवली जात. कारण होतं तेल्या.

तेल्या हा जिवाणूजन्य रोग. पानावर, फुलावर, फळावर तेल सांडल्यासारखा ओलसर डाग पडतो, तो काळपटतो आणि मग फळ इंग्रजी एल किंवा वाय अक्षराच्या आकारात तडकतं. आत दाणे चांगले असले तरी तडकलेलं फळ बाजारात कोणी विचारत नाही. हा रोग भारतात प्रथम १९५२ मध्ये दिल्लीत नोंदला गेला. पुढे बरीच वर्षं तो फारसा कोणाच्या ध्यानात नव्हता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या डाळिंबाला त्याने अक्षरशः झोडपलं. ज्याच्या जिवावर कोरडवाहू गावांत स्लॅबची घरं उभी राहिली, ते पीक एका पावसाळ्यात हातचं जाऊ लागलं. २००५ मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं, त्याच्या कामात या रोगाला पहिल्यापासून मोठी जागा मिळाली.

तात्त्विक प्रश्न उभा राहतो तो रोग पसरतो कसा, यातून. तेल्या रोगट झाडावरून घेतलेल्या गुटी कलमातून येतो, छाटणीच्या कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि वादळी पावसात उडणाऱ्या थेंबांतून बांध ओलांडतो. म्हणजे एका शेतकऱ्याने बागेवर जीव लावून, कर्ज काढून, फवारण्या करत रोगट झाडं उभी ठेवली, तर त्याच्या त्या मायेचा खर्च शेजारी भरतो. झाड तोडवत नाही ही भावना आपल्याकडे पुण्याच्या खात्यात जमा होते. इथे ती शेजाऱ्याच्या चारशे झाडांच्या मुळावर येऊ शकते. मग हिंसा कुठली? तोडण्याची की न तोडण्याची? आणि शेजाऱ्याची बाग वाचावी म्हणून ज्याचं अजून एक पानही डागाळलेलं नाही असं झाड कोणी तोडायला सांगितलं तर?

हा प्रश्न देवळातल्या कीर्तनापेक्षा तहसील कचेरीत जास्त वेळा येतो, म्हणून आधी कायद्याकडे पाहावं. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. साग, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ, खैर, चंदन, ऐन, किंजळ, बीजा, हळदू, तिवस, अंजन अशा ठरावीक झाडांची त्यात यादी आहे. यादीतलं झाड आपल्याच बांधावर असलं, आपल्या आजोबांनी लावलेलं असलं, तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. अर्ज, सातबारा, नकाशा, हद्दीची खात्री, वनखात्याची पाहणी, बुंध्यावर हातोड्याची खूण, मग तोड, मग वाहतुकीचा पास. वनखात्याच्या बोलीत अशा प्रकरणांना ‘मालकी’ म्हणतात. कागदावर मालकी, आणि झाडाला हात लावायचा तर सही दुसऱ्याची.

सुरगाणा, पेठ, कळवण या भागातल्या आदिवासी खातेदारासाठी आणखी एक कायदा आहे, १९६९ चा. व्यापाऱ्यांनी आदिवासींचे साग कवडीमोलाने तोडून नेऊ नयेत म्हणून तो आला. त्यानुसार खातेदाराला झाड परस्पर व्यापाऱ्याला विकता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, तोड आणि विक्री वनखात्यामार्फत व्हायची आणि पैसे सरकारी वाटेने हातात यायचे. हेतू चांगला, वाट लांब. झाडाला कीड लागली असेल तर मात्र ती फाईलच्या गतीने चालत नाही.

आता दुसरी बाजू. १९१४ चा विनाशक किडी व कीटकांबाबतचा केंद्रीय कायदा आणि १९४७ चा शेतीवरच्या कीड-रोगांबाबतचा मुंबई प्रांताचा कायदा यांचा रोख अगदी उलटा आहे. अमुक रोग अमुक भागात पसरलाय असं जाहीर झालं की तिथून रोपं, कंद, कलमं बाहेर न्यायला बंदी घालता येते. महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या केळीच्या कंदांवर मोझॅक रोगापायी अशीच आंतरराज्य बंदी घातली गेली होती. शेतमालकाला रोगट झाडं नष्ट करायची नोटीस देता येते, आणि त्याने ऐकलं नाही तर सरकारी माणूस येऊन ते काम करतो आणि खर्च मालकाकडून वसूल होतो.

म्हणजे एक कायदा म्हणतो, विचारल्याशिवाय तोडू नको. दुसरा म्हणतो, तोड, नाहीतर आम्ही तोडू. दोन्हींचा पाया एकच आहे: झाड पूर्णपणे तुझं नाही. गंमत अशी की डाळिंब १९६४ च्या यादीत नाही. त्यामुळे बागलाणच्या शेतकऱ्याला बाग उपटताना कोणी अडवलं नाही. पण कोणी विचारलंही नाही. त्याने रात्र रात्र जागून निर्णय घेतला, जेसीबीवाल्याला तासाचे पैसे दिले आणि बँकेचा हप्ता तसाच राहिला. नाशिक शहरात मात्र १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्याखाली मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं झाड असेल तर परवानगी नाकारू नये अशी तरतूद आहे. तिचा एक शहरी उपयोग सर्वांना ठाऊक असतो. बुंध्याला भोक पाडून आत औषध ओतायचं, वर्षभर थांबायचं आणि मग झाड रोगट झाल्याचा अर्ज करायचा. झाडाचा रोग हे निमित्त होऊ शकतं, हे कायदा करणाऱ्यांच्या आधी बांधकामवाल्यांनी ओळखलं.

धर्मशास्त्रांनी या विषयाला हात घातला नाही असं नाही. मनुस्मृती जळणासाठी ओली झाडं पाडणं उपपातकांत मोजते आणि फळझाडं तोडणाऱ्याला शंभर ऋचांच्या जपाचं प्रायश्चित्त सांगते. राजाने झाडाच्या उपयुक्ततेच्या प्रमाणात दंड करावा, असंही तीच म्हणते. हे सगळं आज किती पाळायचं हा वेगळा वाद; मनूला इतर कारणांनी नाकारणारे इथे त्याच्या वाटेला जाणार नाहीत आणि त्याला मानणारे तरी लाकडाच्या वखारीत त्याची आठवण कुठे काढतात? लक्षात घेण्यासारखी गोष्ट इतकीच की तोडीला मनाई नाही, तोडीला किंमत आहे. ती किंमत तोडणाऱ्याने द्यायची आहे, कधी राजाला, कधी स्वतःच्या मनाला.

वराहमिहिराची बृहत्संहिता तर झाडाकडे दोन्ही बाजूंनी पाहते. मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात जायचं, तर आदल्या रात्री झाडाची पूजा करायची, त्यावर राहणाऱ्या जिवांना आणि भूतांना दुसरीकडे जा अशी विनंती करायची, आणि सकाळी मध-तुपाने माखलेल्या कुऱ्हाडीने घाव घालायचा. त्याच ग्रंथात वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. थंडी, वारा, ऊन यांनी झाडं आजारी पडतात. पानं पिवळी पडतात, कोंब वाढत नाहीत, फांद्या वाळतात, चीक गळतो, अशी लक्षणं दिली आहेत. आणि उपाय? आधी शस्त्राने रोगट भाग कापून साफ करायचा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप, मग दूध-पाण्याचं शिंपण. झाडाच्या वैद्याच्या हातातही पहिल्यांदा सुरीच आहे.

बौद्ध भिक्खूंचा नियम आणखी कडक होता. विनयात वनस्पती नष्ट करणं हा भिक्खूसाठी दोष आहे. आळवी इथे एका भिक्खूने झाड तोडलं तेव्हा त्यावर राहणारी देवता तक्रार घेऊन बुद्धाकडे आली, अशी त्यामागची कथा. पण मठाला लाकूड, फळं, भाजी लागतेच. मग उपासकाने तोडून, कापून दिलेलं चालतं अशी सोय निघाली. ही सोय वाईट हेतूची नव्हती. तरी एक गोष्ट तिच्यातून दिसते: हिंसा टाळायचा सोपा मार्ग म्हणजे ती दुसऱ्याच्या हातात देणं. आजच्या नाशिकात हा मार्ग कोणाला अनोळखी नाही. झाड तोडायचं ते ठेकेदाराने, आपण आत चहा घेत बसायचं.

जैन विचाराने प्रश्नाचा पीळ सर्वांत घट्ट वळला आहे. वनस्पती एकेंद्रिय जीव. गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही हे मान्य करून जैन आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार केले: संकल्पी, म्हणजे मारायच्या इराद्याने केलेली, घरकामात घडणारी आरंभी, उद्योगातली उद्योगी, आणि बचावासाठीची विरोधी. यातली पहिली श्रावकाने पूर्ण सोडायची. जंगलतोडीचा धंदा आणि कोळसा पाडायचा धंदा हे दोन्ही श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या पंधरा कर्मादानांत येतात. मग रोगट डाळिंबाची बाग उपटणं कुठल्या खान्यात? उद्योगी म्हणावं तर त्यात नफा नाही. विरोधी म्हणावं तर शत्रू जिवाणू आहे आणि मरतंय झाड. संकल्पी तर नक्कीच नाही, पण हाताने, बघून, ठरवून केलेली आहे. चार खान्यांच्या मध्ये कुठेतरी ही गोष्ट अडकते.

मराठीत या अडकलेपणाची सर्वांत तिखट चर्चा ज्ञानेश्वरांनी केली आहे, तीही अहिंसेच्याच प्रकरणात. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये अहिंसा येते. तिथे ज्ञानेश्वर आधी खोट्या अहिंसेचा समाचार घेतात. यज्ञातली हिंसा हीच अहिंसा असं म्हणणाऱ्यांची ते चेष्टा करतात: झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्यांचंच कुंपण झाडाच्या बुंध्याभोवती घालायचं! मग त्यांची नजर आयुर्वेदाकडे वळते. एका जिवाला वाचवायचं म्हणून दुसरे जीव खुडायचे, मुळं उपटायची, साली सोलायच्या, आणि या सगळ्याला दयेचं नाव द्यायचं. शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितलेलं हे निरूपण, आणि ज्या थोरल्या भावाला गुरू मानून ते सांगितलं त्या निवृत्तिनाथांची समाधी इथेच त्र्यंबकेश्वरी.

हे वाचून कोणी म्हणेल, मग औषध घेऊच नये काय? ज्ञानेश्वर तसं म्हणत नाहीत. त्यांचा राग आहे तो हिंसेला अहिंसेचं लेबल लावण्यावर. आजारी फांदी कापून झाडाचं बूड वाचवणं गरजेचं असू शकतं. पण ते करताना फांदी मेली हे मान्य करा. रोगाच्या भागातल्या वृक्षतोडीचे सरकारी आदेश वाचले की हे फार आठवतं. त्यांत ‘निर्मूलन’ असतं, ‘व्यवस्थापन’ असतं, ‘निष्कासन’ असतं. तोडलं असा शब्द सहसा नसतो. कोणाचं तोडलं, हे तर नसतंच.

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. इटलीच्या दक्षिण टोकाला सालेंतो प्रदेशात २०१३ मध्ये ऑलिव्हच्या झाडांवर झायलेला नावाचा जिवाणू सापडला. तिथली काही झाडं कित्येक शतकांची. युरोपीय संघाने आदेश काढला की रोगट झाड सापडलं तर त्याभोवती शंभर मीटरच्या आतली रोगवाहक जातीची सगळी झाडं तोडा, निरोगी असली तरी. गावं रस्त्यावर उतरली, माणसांनी झाडांना मिठ्या मारल्या. डिसेंबर २०१५ मध्ये लेच्चेच्या सरकारी वकिलांनी तोड थांबवली आणि उलट शास्त्रज्ञांवरच रोग पसरवल्याचा संशय घेऊन चौकशी लावली. २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने आदेश वैध ठरवला. शास्त्रज्ञांविरुद्धचं प्रकरण पुढे २०१९ मध्ये बंद झालं. मधल्या काळात रोग उत्तरेकडे सरकत राहिला आणि लाखो झाडं उभ्या उभ्या वाळली. झाड वाचवायला निघालेल्यांच्या प्रेमात खोट नव्हती. त्या प्रेमाने किती झाडं मेली याचा हिशेब मात्र कोणी मांडला की ते अजून चिडतात.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाची गोष्ट याच्या उलट टोकाची आणि आपल्याला जवळची, कारण तिथला रोग म्हणजे लिंबूवर्गीय झाडांवरचा खैऱ्या आणि त्याचा जिवाणू तेल्याच्या जिवाणूचा सख्खा भाऊबंद. तिथे नियम होता १९०० फुटांचा. एक रोगट झाड सापडलं की त्याभोवती जवळपास पावणेसहाशे मीटरच्या परिघातलं प्रत्येक संत्र्या-लिंबाचं झाड जायचं. व्यापारी बागा आणि घरांच्या परसातली मिळून एक कोटीहून जास्त झाडं तोडली गेली. म्हातारी माणसं आपल्या परसातल्या एकुलत्या लिंबासाठी दारात उभी राहिली. मग २००४ आणि २००५ ची चक्रीवादळं आली, त्यांनी जिवाणू इतका दूर पसरवला की जानेवारी २००६ मध्ये सरकारने हातच टेकले. परसातल्या निरोगी झाडांच्या भरपाईचे खटले त्यानंतरही वर्षानुवर्षं चालले आणि अनेक ठिकाणी ज्यूरींनी घरमालकांच्या बाजूने कौल दिला.

या दोन गोष्टींतून ‘तोडावं’ किंवा ‘तोडू नये’ असा धडा काढता येत नाही. एका ठिकाणी न तोडून गेलं, दुसरीकडे तोडूनही गेलं. पण दोन्हीकडे लोकांचा संताप एकाच जागी होता: माझ्या निरोगी झाडाचा बळी सगळ्यांसाठी द्यायचा, तर सगळ्यांनी माझ्यासाठी काय दिलं? युरोपीय न्यायालयाने आदेश वैध ठरवतानाच, त्यात भरपाईचा उल्लेख नाही म्हणून भरपाईचा हक्क नाही असं समजू नये, असंही म्हटलं. तात्त्विकदृष्ट्या निकालातला हा भाग जास्त महत्त्वाचा.

आपल्याकडेही हे सुचलेलं होतं, आणि तेही एका लढाऊ राज्याला. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याचा भाग आहे. गलबतांना साग वगैरे लाकूड लागणारच, ते परवानगीने तोडावं, कमी पडलं तर बाहेरून विकत आणावं. आंबा, फणस ही झाडंही कामाची आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. आणि एखादं झाड जीर्ण होऊन उपयोगाचं उरलं नसेल, तरच मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. जबरदस्ती करू नये.

हे वाक्य पर्यावरण दिनाच्या फलकांवर नेहमी येतं, पण अर्ध्यावर थांबतं. फलकावर येतो तो लेकरांचा भाग. राज्याला गरज आहे हे मान्य, झाड तुटणार हेही मान्य, आणि तरीही मालकाच्या दुःखाला राज्याच्या हिशेबात एक रकाना आहे, ही त्यातली खरी धाडसाची गोष्ट. आरमार सगळ्या राज्याचं रक्षण करणार, मग एकट्या कोकणी कुणब्याने आपल्या फणसाने त्याची किंमत का द्यावी? अमात्यांनी हा प्रश्न शब्दांत विचारला नाही, पण उत्तर देऊन ठेवलं.

उत्तर नेहमी दिलं जातं असं नाही. १९९७ च्या सुमारास मध्य प्रदेशात मंडला, दिंडोरी, बालाघाट भागातल्या सालाच्या जंगलात खोडकिड्याची मोठी साथ आली. यातला बालाघाट आपल्या गोंदिया जिल्ह्याला लागूनच. वनखात्याचा एक जुना उपाय होता: थोडी सालाची झाडं मुद्दाम पाडून त्यांची खोडं ठेचायची, त्या रसाच्या वासाने भुंगे येतात, गुंगतात, आणि माणसांनी ते वेचून मारायचे. गावकऱ्यांना भुंग्यांमागे पैसे दिले गेले. मग लाखो बाधित झाडं तोडायचा निर्णय झाला आणि वाद पेटला: खरंच किडलेली झाडं तोडताय, की किडीच्या नावाखाली लाकूड? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. जंगल सरकारी होतं, त्यामुळे मालकाच्या दुःखाचा प्रश्न फाईलवर आला नाही. ज्यांचा मोहाचा, पानांचा, बियांचा हंगाम त्या जंगलावर चालत होता, ते मालक नव्हतेच.

मालक कोण, याचं फार जुनं उत्तर नाशिकच्याच दगडात कोरलेलं आहे. त्रिरश्मी लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. गाई दिल्या, घाट बांधले, नावा ठेवल्या अशा दानांच्या यादीत त्याने नानंगोल गावातली बत्तीस हजार नारळाची झाडं गोवर्धन, शूर्पारक वगैरे ठिकाणच्या चरकांना, म्हणजे वेदाध्ययन करणाऱ्या मंडळींना, दिल्याचं लिहिलं आहे. कोरलेलं लेणं बौद्ध भिक्खूंसाठी, झाडं वैदिकांसाठी. आजच्या मनाला दाता आधी कुठल्या बाजूचा ते ठरवून मग दान वाचायची सवय लागली आहे, म्हणून हे सांगायचं. झाडं कोणाच्या जमिनीवर उभी होती आणि फळं कोणाच्या तोंडात जात होती, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे या शिलालेखाने सहज धरलं आहे.

अलीकडे नाशिकमध्ये झाड आणि धर्म यांची गाठ पडली ती तपोवनात. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथली सतराशे-अठराशे झाडं हटवायचा प्रस्ताव महापालिकेने मांडला. हरकतींचा पाऊस पडला, सुनावणीत गदारोळ झाला, कलावंत आणि शाळकरी मुलं झाडांपाशी जमली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. ज्या पंचवटीला नावच पाच वडांवरून पडलं तिथे साधूंच्या मुक्कामासाठी झाडं पाडायची, यावर बोचरं बोलायला कोणालाच कष्ट पडले नाहीत. पण इथे झाडं आजारी नव्हती आणि शेजारचं कोणी धोक्यातही नव्हतं. गरज होती ती जागेची, आणि जागेला पर्याय असतो. रोगाच्या परिघातल्या झाडाला तसा पर्याय नसतो. दोन्हींना एकाच घोषणेने वाचवायला गेलं की खरा कठीण प्रश्न सोप्या प्रश्नाच्या गर्दीत हरवतो. शहरातल्या आंदोलकांनी डाळिंब उपटणाऱ्याला निसर्गद्रोही म्हणायचं आणि शेतकऱ्याने त्यांना रिकामटेकडे म्हणायचं, असं बोलणं सोशल मीडियावर दोन्ही बाजूंनी झडलंच.

मग बागलाणच्या बागेचं काय? जैन परंपरेत सहा प्रवाशांची एक कथा सांगतात, मंदिरांच्या भिंतींवर तिची चित्रंही असतात. सहा भुकेले जण फळांनी लगडलेल्या जांभळाखाली येतात. एक म्हणतो झाड बुंध्यातून पाडू, दुसरा मोठ्या फांद्या तोडू म्हणतो, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, पाचवा पिकली फळंच तोडू म्हणतो, आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचून घेऊ, पोटापुरती ती पुरतात. मनाच्या सहा छटा, सहा लेश्या, काळ्यापासून शुभ्रापर्यंत. योगायोग असा की तेल्यावरच्या शिफारशींमध्ये हा सहावा माणूस जसाच्या तसा आहे. पडलेली फळं, पानं, छाटलेल्या काड्या वेचून बागेबाहेर न्या आणि जाळा. प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करा. खात्रीच्या रोपवाटिकेतलंच कलम लावा. पावसात सापडणारा मृग बहार सोडून हस्त बहार धरा. वेचणं, पुसणं, थांबणं. हे सगळं वेळेवर झालं तर बुंध्याला हात लावायची पाळी बहुतेक येत नाही. कुऱ्हाडीची हिंसा ही बरेचदा आळसाची थकबाकी असते, आणि ती थकबाकी एकाच्या बागेत साठून दुसऱ्याच्या बागेत वसूल होते, हीच त्यातली अडचण.

कारण हे वेचणं एकट्याने करून भागत नाही. एका गटातल्या आठ बागा स्वच्छ आणि नववी पडीक, तर पहिला वळीव नववीतून आठांत येतो. अशी नववी बाग जवळपास प्रत्येक गावात आहे. मालक नोकरीला मुंबईला, भावांचा वाटणीचा वाद कोर्टात, किंवा कर्जाने थकून माणसाने बागेकडे पाठ फिरवलेली. झाडं तशीच उभी, फळं तडकून खाली पडलेली. शेजारी आत शिरून ती वेचू पाहील तर परक्याच्या रानात शिरल्याची तक्रार होऊ शकते. सरकारी अधिकाऱ्याला कीड-रोग कायद्याखाली आत जाता येतं, पण त्यासाठी आधी अधिसूचना हवी, मग नोटीस, मग मुदत, आणि पाऊस त्या मुदतीत बसत नाही. फळबागेच्या सरकारी योजनांच्या नावांतही लागवड असते. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली आणि २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकरांच्या नावाने आलेली, दोन्ही लागवडीच्या.

इथे ग्रामसभेला करण्यासारखं बरंच आहे. पडीक बागेत शिरून पडलेली फळं आणि रोगट काड्या काढायचा हक्क शेजारच्या बागायतदारांच्या गटाला मालकाला लेखी कळवून मिळावा. झाडच काढायची वेळ आली तर पंचनाम्यात झाडाचं वय आणि मालकाचं म्हणणं दोन्ही लिहिलं जावं. ज्या बागा त्यामुळे वाचल्या त्यांनी पुढच्या दोन-तीन हंगामांच्या विक्रीतून क्रेटमागे काही रुपये त्या मालकाला द्यावेत. यावर लगेच येणारा आक्षेप ठरलेला आहे: ज्याने हलगर्जीपणा केला त्यालाच वर पैसे? आक्षेपात दम आहे. ज्याने बाग मुद्दाम सोडली आणि ज्याच्या निरोगी झाडावर केवळ परिघात आलं म्हणून घाव पडला, त्या दोघांना एका मापाने मोजता येणार नाही. ते माप ठरवायचं काम कृषी सहायकाच्या शेऱ्यावर सोडायचं की बांधाला बांध असलेल्या माणसांनी एकत्र बसून करायचं, यावर सटाण्याच्या बाजार समितीच्या ओट्यावर एक दुपार सहज जाईल. तिथे आवाज चढतील, जुनी भांडणं निघतील, कोणाच्या तरी आजोबांनी सरकवलेला बांधही निघेल.